सोसायटीच्या एसटीपीतली मेम्ब्रेन चोक होते तेव्हा : नव्या ऑपरेटरसाठी आणि कमिटीसाठी

एमबीआर, म्हणजे मेम्ब्रेनने सांडपाणी गाळून शुद्ध करणारा प्लँट (एसटीपी), पहिल्यांदा माझ्या ताब्यात आला तेव्हा शिकवणाऱ्याने एकच मंत्र दिला होता : "सक्शन वाढलं की सीआयपी मार." सीआयपी म्हणजे मेम्ब्रेनची केमिकलने धुणी. मी तो मंत्र इमानेइतबारे पाळला. पहिल्या सीआयपीनंतर मेम्ब्रेन तीन महिने सुरळीत चालली, दुसऱ्यानंतर महिनाभर. पुढे पुढे तर दर आठवड्याला हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) कॅन यायला लागले आणि सोसायटीचे खजिनदार बिल बघून मला खाली भेटायला आले. शेवटी कॅसेट, म्हणजे मेम्ब्रेन बसवलेली चौकट, बाहेर काढली तेव्हा कळलं की मी दीड वर्ष मेम्ब्रेन धूत होतो आणि दुखणं होतं चाळीस फूट मागे, कचरा अडवणाऱ्या स्क्रीनच्या खड्ड्यात.

पुणे-पिंपरी-चिंचवडच्या नव्या सोसायट्यांमध्ये 50 ते 200 केएलडीचे (म्हणजे दिवसाला तितके हजार लिटर) एमबीआर प्लँट बरेच आहेत. बिल्डर हस्तांतर करून जातो आणि प्लँट येतो नवख्या ऑपरेटरच्या आणि त्याहून नवख्या कमिटीच्या गळ्यात. मी जे धडे पैसे घालवून शिकलो, ते तुम्हाला फुकट मिळावेत म्हणून हे लिहितोय.

आधी दोन मिनिटं यंत्राबद्दल. साध्या एसटीपीत गाळ खाली बसवून वरचं पाणी घेतात. एमबीआरमध्ये गाळ बसायची वाट बघत नाहीत. मेम्ब्रेन गाळातच बुडवलेली असते आणि पंप तिच्यातून पाणी ओढतो. या गाळलेल्या पाण्याला परमिएट म्हणतात. मेम्ब्रेनची छिद्रं साधारण 0.04 ते 0.4 मायक्रॉनची आणि जिवाणू एक मायक्रॉनच्या आसपासचा, त्यामुळे जिवाणू बाहेरच राहतो. पूर्वी असा गाळ मोठ्या दाबाने बाहेरच्या मेम्ब्रेनमधून फिरवावा लागे आणि त्याला वीज खूप लागे. 1989 साली जपानमध्ये काझुओ यामामोतो आणि सहकाऱ्यांनी मेम्ब्रेन थेट टाकीत बुडवून हलक्या सक्शनवर पाणी काढून दाखवलं. तुमच्या तळघरात आहे ते त्याच कल्पनेचं पिल्लू.

आता गंमत अशी, की जी वस्तू चोवीस तास गाळात बुडून पाणी ओढते ती थोडीफार चोक होणारच. प्रश्न असतो तो कशाने आणि किती वेगाने.

1. आधी कागद आणि सामान गोळा करा

कागद :

- मेम्ब्रेनची डेटाशीट. त्यात एकूण क्षेत्रफळ, जास्तीत जास्त टीएमपी (मेम्ब्रेनच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक), चालणारा पीएच, क्लोरीनची मर्यादा आणि बॅकवॉश (उलट्या बाजूने पाणी ढकलणं) चालतो की नाही हे असतं
- प्लँट सुरू झाला त्या दिवसाचा कमिशनिंग रिपोर्ट. नव्या मेम्ब्रेनचे आकडे फक्त यातच सापडतात
- पाइपिंगचा नकाशा
- प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटची (परवानगीची) प्रत
- आधीच्या सगळ्या सीआयपीच्या नोंदी

सामान :

- चालू असलेला व्हॅक्यूम गेज. 'चालू असलेला' हे मुद्दाम लिहिलंय
- परमिएट लाइनवरचा फ्लो मीटर
- पीएच पेपर, क्लोरीन तपासायचं किट, थर्मामीटर
- एक लिटरचा मोजपात्र, फनेल, प्रयोगशाळेतला फिल्टर पेपर
- रबरी हातमोजे, गॉगल, गमबूट, ॲप्रन
- मल्टिगॅस डिटेक्टर

कमिशनिंग रिपोर्ट बहुतेक ठिकाणी सापडत नाही. बिल्डरकडे मागा, मेम्ब्रेन पुरवणाऱ्याकडे मागा. अगदीच नाही मिळाला तर पुढच्या मोठ्या सीआयपीनंतरचा पहिला दिवस हाच तुमचा 'पहिला दिवस' धरा.

डिटेक्टर महाग वाटेल. एसटीपीच्या टाकीत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस जागेवर पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. असल्या टाक्यांत संरक्षणाशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. मेम्ब्रेनचं कुठलंही काम टाकीत उतरून करायचं नसतं. कॅसेट चेन पुलीने वर घ्यायची, हा नियम. तुमच्या मेम्ब्रेन टाकीवर चेन पुली लावायला बीमच नसेल तर कमिटीच्या पुढच्या मीटिंगमधला पहिला विषय तो.

2. गेजवर दिसतो तो टीएमपी नाही

टीएमपी म्हणजे मेम्ब्रेनच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. आपण तो परमिएट पंपाच्या सक्शनवरच्या गेजवरून काढतो आणि इथेच पहिली चूक होते.

गेज टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा मीटरभर वर बसवलेला असेल, तर पंप बंद असतानाही भरलेली लाइन साधारण 0.1 बार सक्शन दाखवते. तो दाब पाण्याच्या वजनाचा, त्यात मेम्ब्रेनचा काही संबंध नाही. म्हणून दोन रीडिंग घ्या. एक पंप चालू असताना, सायकलच्या (पंप काही मिनिटं चालतो, मग थांबतो) शेवटच्या मिनिटाला. दुसरं पंप थांबल्यावर, विश्रांतीच्या वेळात. दोन्हींतला फरक तो तुमचा टीएमपी. गेज पाण्याच्या पातळीखाली असेल तर बंद असताना तो उलट दाब दाखवेल, तेव्हा वजाबाकीऐवजी बेरीज करा. बंद असताना लाइनमध्ये हवा शिरून काटा शून्यावर येत असेल तर आधी गळती शोधा, बाकीचं नंतर.

काही गेज पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात. 75 मिलिमीटर म्हणजे 0.1 बार, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

एका प्लँटवर सलग पाच महिने रजिस्टरमध्ये '0.18' लिहिलेलं बघितलं. सकाळी 0.18, दुपारी 0.18, रात्री 0.18. ऑपरेटर काका वयाने मोठे, त्यांना थेट काही बोलवेना. म्हटलं, "काका, पंप बंद करून बघू या का जरा?" पंप बंद केला. काटा 0.18 वरच. काका गेजकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हा मेलाय. आणि मी रोज त्याची नाडी लिहितोय." दोष एकट्या त्यांचा नव्हता, सुपरवायझरपासून कमिटीपर्यंत कुणीच ते रजिस्टर उघडून वाचत नव्हतं.

3. रोज परमिएबिलिटी लिहा, नुसता टीएमपी नको

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

फ्लक्स म्हणजे एक चौरस मीटर मेम्ब्रेनमधून तासाला निघणारे लिटर, म्हणजेच एलएमएच. समजा तुमची मेम्ब्रेन 400 चौरस मीटर आहे आणि पंप चालू असताना तासाला 6,000 लिटर निघतात. फ्लक्स झाला 15. टीएमपी 0.1 बार असेल तर 15 भागिले 0.1, म्हणजे परमिएबिलिटी 150.

नुसता टीएमपी का चालत नाही ते बघा. सक्शन वाढलं की अनुभवी ऑपरेटर काय करतो? परमिएटचा व्हॉल्व्ह थोडा दाबतो. सक्शन खाली येतं, रजिस्टर सुंदर दिसतं. टीएमपी 0.15 होता, अजूनही 0.15 आहे. पण फ्लक्स 15 वरून 9 वर आलेला असतो. परमिएबिलिटी 100 वरून 60 झाली. हे टीएमपीच्या रकान्यात कधीच दिसणार नाही. पावसाळ्यात किंवा गणपतीत पाहुणे आल्यावर टाकी ओसंडायला लागली की मगच सगळ्यांना कळतं.

शेजारी पाण्याचं तापमानही लिहा. थंड पाणी दाट असतं. 30 अंशांच्या तुलनेत 20 अंशांच्या पाण्याची चिकटाई जवळजवळ पाव पटीने जास्त असते, म्हणजे तेवढ्याच सक्शनवर पाणी पाचवा हिस्सा कमी निघतं. डिसेंबरातल्या पहाटेच्या रीडिंगला घाबरून सीआयपी करणारे मी बघितलेत. मीही केलीय.

4. आलेख काढा आणि त्याचा आकार बघा

वहीच्या चौकटींवर पेन्सिलीने काढला तरी चालेल. चोक होण्याचे सगळे प्रकार आपण एकाच शब्दात गुंडाळतो, पण त्यांचे आकार वेगळे असतात.

*एकाच सायकलमध्ये चढतं, विश्रांतीनंतर उतरतं.* बहुतेक प्लँटमध्ये पंप आठ-नऊ मिनिटं चालतो आणि एखादं मिनिट थांबतो. त्या नऊ मिनिटांत टीएमपी 0.10 वरून 0.18 वर जातो आणि पंप थांबून पुन्हा सुरू झाला की परत 0.10 ला येतो, असं असेल तर मेम्ब्रेनवर गाळाचा थर बसतोय. तो हवेने सुटतोय, म्हणून उतरतोय. इथे केमिकलचा काही उपयोग नाही. हवा, गाळाची घट्टाई आणि फ्लक्स या तिन्ही तपासा.

*आठवड्यांमागून आठवडे हळूहळू चढतं.* हे नेहमीचं म्हातारपण. जिवाणू जे चिकट पदार्थ सोडतात ते छिद्रांत शिरून बसतात. आठवड्याची हायपोची धुणी यासाठीच असते.

*महिनाभर सपाट आणि मग दोन-तीन दिवसांत उभी उडी.* याला सगळे 'अचानक चोक झाली' म्हणतात. अचानक काही झालेलं नसतं. मेम्ब्रेनचा एकेक भाग आतून बंद पडत असतो. पंपाला मात्र तेवढंच पाणी हवं असतं, म्हणून उरलेला भाग जास्त ओढतो. शंभर जणांचं काम ऐंशी जणांवर, मग साठांवर. प्रत्येक मेम्ब्रेनला एक फ्लक्स असा असतो की त्याच्यावर गेलं की गाळ हवेला दाद न देता चिकटायला लागतो. उरलेला भाग ती रेषा ओलांडतो आणि डोलारा कोसळतो. असं झालं की कॅसेट वर घेऊन गुंता बघा. नुसता हायपो ओतून भागत नाही.

*हायपोने काही फरक नाही, सायट्रिक ॲसिडने लगेच.* क्षार बसलाय. आपल्याकडे हे एप्रिल-मेमध्ये हमखास दिसतं, कारण तेव्हा सोसायटी बोअर आणि टँकरवर असते आणि ते पाणी जड. टाकीत सतत हवा मारल्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि चुना मेम्ब्रेनवरच बसतो. खात्री करायची असेल तर मेम्ब्रेनवरचा थोडा थर नखाने खरवडून वाटीत घ्या आणि वर सायट्रिकच्या पाण्याचे थेंब टाका. फसफसलं तर चुना. थर तांबूस असेल तर लोह. बुळबुळीत, शेवाळासारखा हाताला लागला तर जैविक.

5. स्क्रीन : निम्मे रोग इथून येतात

माझी दीड वर्षाची कहाणी इथली. त्या प्लँटला सळ्यांची स्क्रीन होती, सळ्यांमध्ये सहा मिलिमीटरची फट. कॅसेट वर आली तेव्हा मेम्ब्रेनचे तंतू दिसतच नव्हते. हे तंतू पांढरे, जाड शेवयांसारखे, दोनेक मिलिमीटरचे. त्यांच्या वरच्या टोकाला केसांच्या वेण्या झाल्या होत्या. खरोखर वेण्या, पीळ घातलेल्या, मनगटाएवढ्या जाड. त्यांच्यात कानात घालायच्या काड्या, दात कोरायचा धागा, ओल्या वाइप्सच्या चिंध्या. वेणीच्या आत गाळ घट्ट होऊन वाळलेल्या शेणासारखा झालेला. त्या भागातून एक थेंबही पाणी येत नव्हतं आणि मी त्याला हायपो पाजत होतो.

केस सळ्यांमधून लांबीने निघून जातो. पुढे टाकीत हवेच्या फिरत्या पाण्यात केसाला केस पिळत जातो. म्हणून एमबीआरला गोल छिद्रांची किंवा जाळीची बारीक स्क्रीन लागते. तंतूंच्या मेम्ब्रेनला एक ते दोन मिलिमीटर, सपाट शीटच्या मेम्ब्रेनला तीनपर्यंत चालते. सळ्यांची स्क्रीन तिच्या आधी असू दे, तिच्याऐवजी नको.

बारीक स्क्रीन लवकर भरते. ती भरली की पाणी बायपासने जातं आणि वैतागलेला माणूस बायपास उघडाच ठेवतो. बायपासच्या व्हॉल्व्हला कुलूप लावा, किल्ली सुपरवायझरकडे.

वेण्या काढताना ब्लेड वापरू नका. ओल्या गाळात केस कुठला आणि तंतू कुठला हे कळत नाही, एक तंतू कापला गेला की गाळ सरळ परमिएटमध्ये. हाताने, सावकाश, बागेच्या पाइपच्या साध्या धारेखाली सोडवा. कार धुवायचा प्रेशर जेट अजिबात नको. आणि एप्रिलच्या उन्हात कॅसेट तशीच लटकवून जेवायला जाऊ नका. मेम्ब्रेन एकदा सुकली की तिची छिद्रं पुन्हा नीट ओली होत नाहीत. ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि त्याच्यावर पाणी मारत राहा.

स्क्रीनइतकाच ऑइल ट्रॅप महत्त्वाचा. दिवाळीच्या आधीचा आठवडा डोळ्यांसमोर आणा : तीनशे घरांत चकल्या आणि शेव, आणि तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये. मेम्ब्रेनला तेल म्हणजे कापडाला मेण. त्या आठवड्यात ट्रॅप रोज काढा. लिफ्टमध्ये एक कागद लावा, 'तळलेलं तेल बाटलीत भरून सिक्युरिटीकडे द्या'. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन बाटल्या आल्या, तिसऱ्या वर्षी दोन कॅन भरले.

6. हवा

मेम्ब्रेनखालून येणारे मोठे बुडबुडे ही मेम्ब्रेनची झाडू. जिवाणूंना लागणारी बारीक हवा वेगळी, ही वेगळी. दोन्हींचा ब्लोअर एकच असेल तर दोन व्हॉल्व्हमधला तोल कुणीतरी कधीतरी बिघडवून ठेवलेला असतो.

टाकीवर उभं राहून बघा. बुडबुडे सगळीकडे सारखे फुटायला हवेत. एका कोपऱ्यात पाणी शांत असेल तर तिथला डिफ्युझर (हवा सोडणारी नळी) बुजलाय आणि त्याच्या वरची मेम्ब्रेन आत्ता, या क्षणी, गाळ गोळा करतेय.

यातला सगळ्यात महागडा सापळा लाइट गेल्यावरचा. जनरेटर सुरू झाला, परमिएट पंप आपोआप चालू झाला, ब्लोअरचा ओव्हरलोड मात्र पडलेला. एका रात्री माझ्याकडे हे झालं. सहा तास पंप हवेशिवाय ओढत राहिला आणि सकाळी गाळ मेम्ब्रेनवर लिंपल्यासारखा बसला होता. इलेक्ट्रिशियनला बोलावून इंटरलॉक करून घ्या : हवेचा दाब नसेल तर परमिएट पंप सुरूच होता कामा नये. काम अर्ध्या दिवसाचं आहे.

7. गाळ कसा आहे?

एमबीआरचा गाळ साध्या प्लँटपेक्षा दाट असतो. तिथे एमएलएसएस (पाण्यातल्या तरंगत्या गाळाचं प्रमाण) 3,000–4,000, इथे 8,000 ते 12,000 मिलिग्रॅम प्रतिलिटर. 15,000 च्या वर गेला की बुडबुडे वर चढेनात, हवा पाण्यात विरघळेना, मेम्ब्रेनच्या फटी भरायला लागतात. माझी नजरेची खूण अशी : मोजपात्रातून ओतताना आमटीसारखा पडला तर ठीक, पिठल्यासारखा पडला तर गाळ काढायला उशीर झालाय. ही खूण रोजच्या नजरेसाठी. आकडा लॅबमधून आठवड्याला घ्याच.

गाळ काढणं हे रोजचं थोडं थोडं काम आहे. 40 घनमीटरची टाकी आणि गाळाचं वय (गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो) 20 ते 25 दिवस ठेवायचं असेल तर रोज 1,600 ते 2,000 लिटर. फिल्टर प्रेस (काढलेला गाळ पिळणारं यंत्र) बिघडलाय म्हणून तीन महिने गाळ न काढणं आणि मग एका दिवसात निम्मी टाकी रिकामी करणं, यात दोन्ही टोकांना मेम्ब्रेनच मरते.

अर्ध्या तासात गाळ किती बसतो ही जुनी चाचणी इथे फसवते. इतका दाट गाळ बसतच नाही, रीडिंग कायम 900 च्या वर येतं. करायचीच असेल तर तीन भाग परमिएट घालून पातळ करून करा. त्यापेक्षा फिल्टर पेपरची चाचणी चांगली. फनेलमध्ये घडी घातलेला पेपर ओला करून बसवा, 50 मिलिलिटर गाळ ओता आणि पाच मिनिटांत खाली किती पाणी आलं ते मोजा. 10 मिलिलिटरच्या वर आलं तर मी निर्धास्त असतो. 5 च्या खाली गेलं तर मेम्ब्रेन कितीही धुवा, आठवड्यात पुन्हा तीच रड. पेपर नेहमी एकाच नंबरचा वापरा, नाहीतर कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलना होत नाही.

गाळ का बिघडतो? एखाद्या फ्लॅटचं रिनोव्हेशन, बाथरूमच्या फरश्या धुतलेलं ॲसिड. हाउसकीपिंगने टाकलेलं फिनाइलचं अख्खं कॅन. दिवाळीत निम्मी सोसायटी गावाला जाते, जिवाणूंना खायला मिळत नाही, ते स्वतःलाच खातात आणि मोकळे झालेले चिकट पदार्थ पाण्यात सुटतात. अशा वेळी गाळाला मिळणारी बारीक हवा कमी करा, फ्लक्स कमी करा. लोक परतल्यावर एकदम पूर्ण भार घेऊ नका.

आणि फेस. फेस आला की दुकानातून अँटिफोम आणून ओतायचा मोह होतो. त्यातले बरेच सिलिकॉनचे असतात आणि सिलिकॉन मेम्ब्रेनला असं चिकटतं की हायपो आणि ॲसिड दोन्ही हात टेकतात. मी एकदा पाच लिटर ओतलंय. तो कॅन मला अजून आठवतो, निळ्या झाकणाचा. फेसावर साध्या पाण्याचा फवारा मारा आणि कारण शोधा.

8. आठवड्याची धुणी

इथवरचं सगळं जागेवर असेल तर केमिकलचा भाग सोपा आहे. आठवड्याला एकदा, कॅसेट टाकीतच ठेवून, परमिएटच्या बाजूने हायपो उलटा सोडायचा. साधारण 200 ते 500 पीपीएम.

हिशेब : 10 टक्क्यांचा हायपो म्हणजे लिटरला सुमारे 1,00,000 मिलिग्रॅम. 1,000 लिटर पाण्यात 500 पीपीएम हवं असेल तर 5 लिटर. पण कॅनवर 10 टक्के लिहिलंय म्हणून आत 10 टक्के असतोच असं नाही. उन्हात ठेवलेला हायपो झपाट्याने मरतो. सावलीत ठेवा, महिन्याच्या वर साठवू नका, किटने तपासा.

परमिएट पंप बंद, ब्लोअर बंद, हायपो सोडा, अर्धा तास भिजू द्या, ब्लोअर चालू करा, दहा मिनिटांनी पंप. पहिलं परमिएट इक्वलायझेशन टँकमध्ये (आलेलं सांडपाणी आधी जमा होतं ती टाकी) परत न्या, फ्लशिंगच्या टाकीत नको.

तुमची मेम्ब्रेन सपाट शीटची असेल तर पंपाने उलटं ढकलू नका. शीट फुग्यासारखी फुगते आणि कडेने उकलते. मीटरभर उंचीवर छोटी टाकी ठेवून नुसत्या उताराने सोडा.

9. मोठी धुणी

परमिएबिलिटी सुरुवातीच्या निम्म्यावर आली की मी मोठी धुणी धरतो. ठीक चाललेल्या प्लँटमध्ये वर्षातून एकदा-दोनदा.

आधी कॅसेट वर काढून केस आणि गाळ हाताने साफ. हे न करता भिजवलेली मेम्ब्रेन म्हणजे चिखलासकट धुतलेला कपडा. मग वेगळ्या टाकीत 1,000 ते 2,000 पीपीएम हायपोत भिजवा, डेटाशीट सांगेल तितके तास. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं, पण 40 अंशांच्या वर नको. मग साध्या पाण्याने खळखळून, किट क्लोरीन दाखवायचं थांबेपर्यंत. त्यानंतरच सायट्रिक ॲसिड, एक टक्का, म्हणजे 1,000 लिटरला 10 किलो. पीएच अडीच ते तीनच्या दरम्यान राहतोय का ते पेपरने बघत राहा. चुना विरघळतो तसा पीएच चढतो. चढायचा थांबला म्हणजे चुना संपला.

हायपो आणि ॲसिड एकत्र येता कामा नये. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि एसटीपी बहुधा तळघरात असतो, जिथून वायू बाहेर जायला वाट नसते. एकच पिंप दोन्हींना वापरू नका, एकच मगही नको. पिंपांवर रंगाने मोठी अक्षरं लिहा. एक्झॉस्ट फॅन चालू, दोन माणसं, त्यातलं एक दाराजवळ. एकट्याने रात्रपाळीत सीआयपी करायची नाही, मग सुपरवायझर काहीही म्हणो.

वापरलेला हायपो सोडियम बायसल्फाइटने मारून आणि ॲसिड चुन्याने किंवा सोड्याने पीएच सात-आठवर आणूनच थोडं थोडं इक्वलायझेशन टँकमध्ये सोडा. सगळं एकदम एरेशनच्या (गाळाला हवा देण्याच्या) टाकीत ओतलं तर मेम्ब्रेन स्वच्छ आणि गाळ मेलेला, अशी अवस्था होते.

हायपो जितका कडक आणि धुणी जितक्या जास्त तितकं मेम्ब्रेनचं आयुष्य कमी. डेटाशीटवर क्लोरीनची एकूण मर्यादा पीपीएम-तासांत दिलेली असते. 2,000 पीपीएममध्ये 10 तास म्हणजे 20,000 पीपीएम-तास खर्च झाले. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर ही बेरीज चालू ठेवा.

10. बदलायची कधी?

नीट सांभाळलेली मेम्ब्रेन सात-दहा वर्षं चालते. दोन वर्षांत 'संपली, नवीन घ्या' असा सल्ला देणारे भेटतील. त्यांना तीन गोष्टी विचारा : धुण्याआधी परमिएबिलिटी किती होती, हायपोनंतर किती झाली, सायट्रिकनंतर किती झाली. हे तीन आकडे नसतील तर कोटेशन परत द्या.

मोठ्या धुणीनंतरही परमिएबिलिटी सुरुवातीच्या निम्म्याच्या वर येत नसेल आणि दर खेपेला आधीपेक्षा कमीच येत असेल, तर वेळ झाली. परमिएट गढूळ, एक एनटीयूच्या (गढूळपणाचं माप) वर येत असेल तर गोष्ट वेगळी, ते फाटणं आहे. एकेक कॅसेटचा व्हॉल्व्ह बंद करून कुठली गळतेय ते शोधा. बऱ्याचदा एकच निघते आणि तिचेही दोन-चार तंतू टोकाला गाठ मारून किंवा इपॉक्सीने बंद केले की भागतं.

नवीन घ्यायचीच ठरली तर ती बसवायच्या आधी स्क्रीन बदला. मेम्ब्रेन यायला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्या वेळात स्क्रीन बसवून, टाकीतला जुना गाळ दोन-तीनदा गाळून, त्यातले केस काढून घ्या. आम्ही हे न करता नवी कॅसेट जुन्याच गाळात सोडली होती. पंधराव्या दिवशी वर घेऊन बघितली, तर शेवयांच्या टोकाला करंगळीएवढी वेणी तयार.